आराबाच्या भट्टीतले महाग प्लग

एबोच्या मयताला सगळं एसुआनो गाव लोटलं होतं. लाल-काळी कापडं, ढोल, मांडवाखाली खुर्च्यांच्या रांगा, आणि पहिल्या रांगेत, मधोमध, मच्छीमार समितीचा चेअरमन दादझी. आराबा क्वान्साह पाहुण्यांना पाणी देत देत त्याच्यापुढे आली तेव्हा त्यानं हळहळून मान हलवली आणि मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "चार पैसे जास्त घालून इंजिनाला चांगला प्लग घ्यायला हवा होता, मामे आराबा. माणसाच्या जिवापेक्षा प्लग महाग असतो का?"

हातातला पेला आराबानं त्याच्या तोंडावर रिकामा केला नाही, याचं गावाला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत होतं. कारण ही बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. भट्टीजवळ कर्णा लावून प्रवचन करणाऱ्या पाद्रीबुवांना तिनं कर्ण्यासकट हाकलून दिलं होतं. कुमासीहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं तिची मासळी दाबून बघितली, नाक मुरडलं, तर तिनं त्याला त्याच्याच टोपलीत बसवायला कमी केलं नव्हतं. पण त्या दिवशी ती नुसती उभी राहिली. आणि तेवढ्यात एबोची आई, आज्वा, तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझं पोर फार स्वस्तात गेलं गं, आराबा."

हे मात्र तिला लागलं. चेअरमनचं बोलणं चिखलासारखं पुसून टाकता आलं असतं, आज्वाचं येईना.

झालं होतं ते असं. एबो आराबाच्या होडीवर खलाशी होता. होडी तारलीनं भरून परत येत होती. आमच्या किनाऱ्याला धक्का नाही, काही नाही. फुटत्या लाटांची एक रांग आहे, ती इंजिनाच्या जोरावर एका दमात ओलांडायची आणि वाळूवर चढायचं. नेमकं त्या रांगेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. होडी आडवी झाली, पुढच्या लाटेनं उलटी केली. बाकीचे पोहत आले. एबो होडीखाली सापडला. इंजिनावर होता आराबाचाच मुलगा फिफी, आणि इंजिनात होते चौकातल्या टपरीवरचे साधे, सगळ्यात स्वस्त प्लग. ते आराबानं आणले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण प्रत्येक वेळी ती टपरीवाल्याशी भांडून आणायची.

आता आराबाची गोष्ट थोडी सांगायला हवी. तिचा जन्म मंगळवारचा, म्हणून नाव आराबा. गाव तिला मामे म्हणतं आणि मुलगा एना, दोन्हींचा अर्थ आईच. मंगळवारी आमच्याकडे समुद्रात कोणी जात नाही. तो दिवस समुद्राच्या विश्रांतीचा. समुद्राच्या विश्रांतीच्या दिवशी जन्मलेल्या या बाईला स्वतःला विश्रांती कधी मिळाली नाही. सात वर्षांची असल्यापासून ती मातीच्या गोल भट्टीवर मासळी धुरावर सुकवते आहे. नवरा आबिजानला गेला तो तिकडचाच झाला. त्यानं पाठवलेला एकमेव फोटो तिनं भट्टी पेटवायला वापरला, आणि लाकूड ओलं होतं म्हणून, असं कारण सांगितलं. नंतर तिनं जंगलातून ओंडका आणवला, होडी कोरवून घेतली आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: बघणारे बघत राहा.

पण त्या होडीत तिनं आजपर्यंत पाय ठेवलेला नाही. बाईनं मासेमारीच्या होडीत चढायचं नसतं. होडी तिची, जाळं तिचं, इंजिन तिचं, बुडाली तर नुकसान तिचं. पण त्या लाटांच्या रांगेत इंजिनाला काय होतं ते तिला वाळूवरूनच बघायचं. पुरुषांनी सांगायचं आणि तिनं विश्वास ठेवायचा. आणि पुरुष काय सांगत होते? प्लग.

मयतानंतर तिच्या होडीचा तांडेल क्वामेना एसेल भट्टीपाशी आला. एबो त्याचा भाचा. जुना, कमी बोलणारा माणूस.

"मामे, पोरं म्हणतात, चांगले प्लग आल्याशिवाय होडी ढकलायची नाही."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू? चेअरमनच्या होडीला सोन्याच्या टोकाचे प्लग आहेत. दोन हंगाम झाले, त्यांचं इंजिन एकदा खोकलेलं नाही."

"सोन्याचं टोक! माझ्या आजीच्या दातालासुद्धा सोनं नव्हतं."

"सोन्याचं नसेलही. पण ठिणगी जोरदार पडते म्हणतात. टोक बारीक असतं, सुईएवढं. एकदा बसवला की हात लावायला नको."

"आणि साधा?"

"साधा लाटेत मरतो," क्वामेना म्हणाला, आणि दोघं कोणाबद्दल बोलत होते ते दोघांच्याही लक्षात आलं. क्वामेना उठून गेला.

आराबानं ठेवणीतली कापडं विकली. आमच्याकडे बाईची पत तिच्या पेटीतल्या कापडांवर असते, लेकीच्या लग्नाला, मयताला ती निघतात, त्यामुळे ती विकताना तिनं जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत. चौकातच चेअरमनच्या बायकोचं दुकान होतं आणि काचेच्या कपाटात तेच महाग प्लग ओळीनं मांडलेले होते. पण त्या बाईच्या हातात पैसे ठेवण्यापेक्षा आराबानं ताकोराडीची धक्के खाणारी बस पत्करली. अख्खा दिवस मोडून, मोठ्या दुकानातून, दोन प्लगांची सील न फोडलेली दोन खोकी घेऊन आली आणि फिफीच्या हातात ठेवली.

"घे. आणि आता हे इंजिन बंद पडलं ना, तर इंजिनाच्या जागी मी तुलाच टांगीन."

फिफीनं प्लग हातात घेतले, उजेडात धरून बघितले. "छान आहेत, एना," एवढंच म्हणाला. पोरगं एबोच्या मरणापासून असंच बोलायचं. गावात कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं, आणि तोही कोणाकडे बघत नव्हता.

प्लग बसले. पहिले काही दिवस इंजिन असं गुरगुरलं की खलाशी खुशीत गाणी म्हणत परत आले. तांडेलसुद्धा हसला. आराबाला वाटलं, म्हणजे खरंच माझाच कंजूषपणा. त्या दिवसांत ती भट्टीपुढे बसून विस्तवाकडे बघत राहायची, आणि कोणी किंमत विचारली तरी भांडायची नाही. बायका काळजीत पडल्या.

आणि मग एका सकाळी, त्याच फुटत्या लाटांच्या रांगेत, इंजिन खोकलं आणि मेलं.

समुद्र त्या दिवशी शांत होता म्हणून वाचले. सगळ्यांनी वल्ही मारत होडी आणली. वाळूवर उतरता उतरता एकजण म्हणाला, "आता हिऱ्याच्या टोकाचे आणा, मामे," आणि दोघे-तिघे हसले. भीतीनं हसले असतील. पण आराबानं ते हसणं ऐकलं, आणि तिच्या आतला इतके दिवस विझलेला राग धडाधड पेटला. तिला वाटलं, आपल्याला फसवलं. ताकोराडीच्या त्या गुळगुळीत डोक्याच्या दुकानदारानं नकली माल गळ्यात मारला. तिनं फिफीला एक प्लग काढायला लावला, पदरात बांधला आणि बस पकडली.

दुकानात तिनं काय तमाशा केला असेल ते सांगायला नको. तीन गिऱ्हाईकं न घेताच निघून गेली. दुकानदार, मिस्टर आडू म्हणून होता, त्यानं आधी कान झाकले, मग प्लग हातात घेतला. टोकावर काळी, तेलकट काजळी चढली होती. त्यानं नाकाजवळ नेला आणि आराबाकडे बघितलं. मागच्या अंगणात पाण्यानं भरलेल्या पिंपात दुरुस्तीला आलेलं एक इंजिन टांगलेलं होतं. त्यानं फडक्यानं काजळी हलकेच टिपून घेतली, तिचाच प्लग त्यात पिळला आणि दोरी ओढली. इंजिन असं गरजलं की पिंपातलं पाणी अंगणभर उडालं.

"मामे, प्लग माझाच आहे आणि चांगला आहे," तो ओरडून म्हणाला. मग इंजिन बंद केलं. "तुम्ही याला खायला काय घालता?"

"खायला म्हणजे?"

"याला रॉकेलचा वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

आराबाला येत नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं धुरात बसून तिचं नाक कधीच गेलं होतं. मक्याच्या पिठाची केंकी बिघडली की चांगली, हेही ती आता जिभेवर ठेवूनच सांगते. तिनं प्लग परत घेतला, माफी वगैरे मागितली नाही, आणि आली तशी निघाली. बसमध्ये शेजारच्या बाईच्या नाकाखाली तिनं तो प्लग धरला. बाईनं तोंड फिरवलं. "शी! दिव्याचं तेल."

घरी आली तर भट्टीपाशी फिफी बसला होता, चिमट्यानं निखाऱ्यांत काहीतरी उलटंपालटं करत. आराबा जवळ गेली. निखाऱ्यांत तिचा दुसरा प्लग होता. तिची पत, तिची लाल काठाची, आईनं दिलेली कापडं, त्या निखाऱ्यांत भाजली जात होती.

आमच्या किनाऱ्यावर हे सगळेच करतात. प्लगवर काजळी बसली की निखाऱ्यात भाजायचा, तारेच्या ब्रशनं खसाखसा घासायचा, नाण्यावर ठोकून टोक जवळ आणायचं. साधा प्लग जाड टोकाचा. तो असे दहा अत्याचार सोसतो आणि पुन्हा पेटतो, म्हणून तर आमच्या लोकांना तो आवडतो. महाग प्लगचं सुईएवढं टोक पहिल्या ठोक्याला तुटलं होतं. ते राखेत कुठेतरी पडलं असेल.

"अरे नालायका!" तिनं चिमटा हिसकावला. "मासळी समजलास का? उलटून-पालटून भाजतोस ते!"

"घासल्याशिवाय चालत नाही, एना."

"एकदा बसवला की हात लावायला नको, असं तांडेल सांगून गेला!"

"चेअरमनच्या होडीत नको. आपल्या होडीत लावावाच लागतो."

"का? त्याचं इंजिन राजाच्या घरचं आणि आपलं काय उकिरड्यातलं?"

आराबानं पदरातला प्लग काढून त्याच्या नाकाखाली धरला. "सांग. कसला वास येतो?"

तो मान फिरवायला लागला तशी तिनं त्याची हनुवटी धरली. "तुझं नाक शाबूत आहे ना? सांग!"

"रॉकेलचा," तो म्हणाला. "टाकीवर मिळतं त्यात रॉकेल असतं, एना. चांगलं पेट्रोल रात्रीतून टॅक्सीवाल्यांना जातं. चेअरमन आपल्या होडीपुरतं वेगळ्या पिंपात ठेवतो. बाकीच्यांना उरलंसुरलं."

होड्यांचं तेल मिसळलेलं पेट्रोल गावात एकाच टाकीवर मिळतं, समितीच्या. आणि समिती म्हणजे चेअरमन.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"नाक आहे त्या सगळ्यांना."

"क्वामेनाला?"

"सगळ्यांना, एना. बोललं तर तारलीच्या हंगामात थेंब मिळणार नाही. एबो गेला त्या दिवशी मी चेअरमनकडे गेलो होतो. तो म्हणाला, प्लग तुझ्या आईनं आणला की मी? आणि तोंड उघडलंस तर होडी वाळूत सडवीन."

"आणि तू ऐकून घेतलंस. भर मयतात मला त्या पोराची खुनी म्हणाले, आणि तू खाली मान घालून केंकी खात बसलास!"

"तुला नाही म्हणत," फिफी म्हणाला. "तू बाई आहेस, होडीत नव्हतीस. मला म्हणतात. रोज म्हणतात."

तिनं चिमटा फेकून दिला. तो पत्र्यावर आपटला आणि शेजारच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. मग ती मुलाच्या शेजारी वाळूत बसली.

दुसरा दिवस मंगळवार. जाळी दुरुस्त करायला सगळे किनाऱ्यावर होतेच. आराबानं दोन माणसं लावून पाण्यानं भरलेलं पिंप वाळूत उभं करवलं, त्यावर आपलं इंजिन टांगलं, आणि अशी हाक दिली की जाळ्यात बसलेले पुरुष जाळी सोडून उठले. बायका घमेली घेऊन आल्या. चेअरमन दादझीही आला, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"मामे आराबा, आज मंगळवार. इंजिनाचा आवाज चालत नाही. समुद्राचा अपमान होतो."

"इंजिन पिंपात आहे, चेअरमन. समुद्रानं तक्रार केली तर मी बघून घेईन. तुम्हाला त्यानं वकील नेमलंय का?"

पुरुष हसले. चेअरमनही थोडं हसला. लोकांत हसायला त्याला बरोबर जमतं.

ताकोराडीला नेलेला महाग प्लग शाबूत होता. त्याच्या जोडीला फिफीनं शेजारच्या होडीवाल्याकडून तसाच एक मागून आणला. दोन्ही बसवले, आराबाची टाकी जोडली आणि दोरी ओढली. इंजिन गुरगुरलं, फिफीनं वेग वाढवला, कमी केला, लाटांच्या रांगेत करतात तसा पुन्हा वाढवला. इंजिन खोकलं. काळा धूर सोडला. मेलं.

"आता साधे," आराबा म्हणाली. फिफीनं निखाऱ्यात भाजलेले, ठोकलेले, ओबडधोबड जुने प्लग बसवले. "आणि टाकी चेअरमनच्या होडीतली."

कोणी हललं नाही. चेअरमनची होडी दहा पावलांवर वाळूत ओढलेली होती. पण आराबा होडीत चढू शकत नव्हती, आणि फिफीला चेअरमननं डोळ्यांनीच जागच्या जागी खिळवलं होतं. तेवढ्यात तांडेल क्वामेना उठला. हातातली जाळ्याची सुई त्यानं कानावर खोचली, चेअरमनच्या होडीत चढला, टाकी उचलली आणि आणून पिंपाशी ठेवली. कोणाकडे बघितलं नाही.

त्या भाजक्या प्लगांवर इंजिन जे चालू झालं ते थांबेना. वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. पिंपातलं पाणी उसळून पुढे उभ्या असलेल्यांच्या पायांवर पडलं. शेवटी फिफीनंच ते बंद केलं.

"बघितलंत?" आराबा ओरडली. "प्लग सोन्याचा असो नाहीतर शेणाचा! याच्या पिंपातलं घातलं की चालतं, आपल्याला देतो ते घातलं की मरतं! चांगला प्लग चांगलाच आहे, रे, पण तू त्याला रॉकेल पाजतोस! आणि वर तुझी बायको त्याच प्लगांचं दुकान मांडून बसली आहे!"

तुम्हीवरून ती तूवर आली होती, आणि ते सगळ्यांनी टिपलं.

"प्लग नीट पिळला नसेल," दादझी म्हणाला. मग म्हणाला, "बाईचं डोकं तापलंय." मग म्हणाला, "चौकशी करू. समितीपुढे ठेवू."

समिती म्हणजे तोच, हे सांगितलं आहेच. पण ज्यांच्या पायांवर आत्ताच पाणी उडालं होतं ते पुरुष एकेक करून जाळ्यांकडे परत गेले. कोणी म्हणालं, समितीला बघू दे. कोणी म्हणालं, हंगाम तोंडावर आहे. एवढे धिप्पाड गडी, समुद्राला न भिणारे, आणि एका टाकीच्या नळापुढे त्यांचे गुडघे वाकले. आराबा त्यांच्या पाठींना शिव्या देत राहिली. घसा बसला तेव्हाच ती थांबली. आज्वा, एबोची आई, इतका वेळ मागे घमेलं काखेत धरून उभी होती. ती निघून गेली.

बुधवारी पहाटे फिफी टाकीवर गेला. नळावरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, "'बघणारे बघत राहा'ला तेल नाही." तेव्हा आराबाची होडी वाळूवर राहिली आणि तिच्यासमोरून बाकीच्या गेल्या.

सकाळी पहिली परत आली ती चेअरमनची होडी, इंजिन मस्त गुरगुरत, काठोकाठ तारली. आमच्याकडे मासळी उतरली म्हणून विकत घेता येत नाही. बायकांची एक राणी असते. ती तांडेलाशी घासाघीस करून दिवसाचा भाव सांगते, आणि तो सांगेपर्यंत एकही घमेलं हलत नाही. आमची राणी नाना एसी तिच्या छोट्या स्टुलावर बसली होती, दातांत काडी चावत. चेअरमनचा तांडेल तिच्यापुढे आला, वाकला, भाव बोलला.

नाना एसी काडी चावत राहिली.

त्यानं भाव कमी केला. तिनं काडी या गालातून त्या गालात घेतली. तेव्हा लोकांचं लक्ष गेलं की तिच्या पायांशी आज्वा बसली होती, घमेलं पालथं घालून. तिच्या शेजारच्या बाईनंही आपलं पालथं घातलं. मग तिच्या शेजारचीनं. सांगितलं कोणी, ठरलं कधी, ते आजही कळलेलं नाही. आराबाला तर कोणी विचारलंही नव्हतं. ती घसा बसलेली, लांब उभी राहून बघत होती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशिवाय कोणीतरी भांडत होतं.

ऊन चढलं. तारली काही वाट बघणारी मासळी नव्हे. तिचं चंदेरी अंग मंद पडायला लागलं, माश्या आल्या. इतर होड्या आल्या आणि त्याही तशाच थांबल्या. तांडेल क्वामेना कुठूनतरी येऊन आज्वाच्या मागे उभा राहिला. शेवटी चेअरमन दादझी स्वतः आला, धावत. त्याच्या हातात खोकं होतं, बायकोच्या दुकानातलं.

"नाना, झालं गेलं विसरू," तो म्हणाला. "माझं मन मोठं आहे. हे बघा, प्रत्येक होडीला सोन्याच्या टोकाचे प्लग. माझ्यातर्फे, फुकट. मामे आराबाच्या होडीलासुद्धा. मग तर झालं?"

खोकं उघडून त्यानं नाना एसीपुढे धरलं. तिनं बघितलं नाही. हात पुढे केला तो आज्वानं. तिनं एक प्लग उचलला, बोटांत फिरवला, त्याच्या बारीक टोकावर अंगठा ठेवला.

"चांगला आहे?" तिनं विचारलं.

"अगं, सगळ्यात चांगला," चेअरमन म्हणाला. त्याला हायसं वाटलं असावं. "मेलेलं इंजिन उठवतो."

"असं?" आज्वा म्हणाली. "मग चल माझ्याबरोबर वरच्या दफनभूमीत. हा बसव, आणि माझ्या एबोला चालू करून दाखव."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चेअरमन खोकं धरून उभा राहिला. आज्वानं प्लग त्याच्या खोक्यात परत ठेवला आणि पालथ्या घमेल्याशी तशीच बसून राहिली. आराबा आली आणि तिच्या शेजारी बसली. नाना एसीनं त्या दिवशी भाव सांगितला नाही.